शून्य नवी वैशिष्ट्ये

(हीरकमहोत्सवी वर्षात शाळेच्या सभागृहात झालेले भाषण)



हीरकमहोत्सव म्हटला, की नवी वास्तू, नव्या योजना आणि नवे संकल्प यांची चर्चा ओघानेच येते. साठ वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेने पुढील वाटचालीचा विचार करावा, हे योग्यच आहे. परंतु अशा मंगल प्रसंगी एक साधा प्रश्न बहुधा विचारावयाचा राहून जातो : जे आहे, ते नीट चालते का? आजच्या भाषणाचा विषय हाच प्रश्न आहे. त्याचा विचार करण्यासाठी आधार घेतला आहे तो संगणकाच्या जगाचा. नावीन्यावरच ज्याचा सारा व्यापार चालतो, अशा या जगातही काही प्रसंग असे आले, की नव्याचा सोस बाजूला ठेवून जुन्याची डागडुजी हेच मुख्य काम मानले गेले. त्या प्रसंगांतून शाळांना घेण्यासारखे बरेच काही आहे.

या विचाराची सुरुवात चेन्नईतील गिंडी या भागापासून करणे सोयीचे ठरेल. गिंडी हे एक विलक्षण ठिकाण आहे. एवढ्या मोठ्या महानगराच्या पोटात तेथे राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचे क्षेत्र जेमतेम पावणेतीन चौरस किलोमीटर असून त्यात काळवीट आणि चितळ आजही चरताना दिसतात. उद्यानाला लागूनच राज्यपालांचे निवासस्थान आणि भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा, म्हणजे आयआयटी मद्रासचा परिसर आहे. ही संस्था १९५९ साली त्याच वनराईत उभी राहिली. रस्त्यापलीकडे गिंडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. त्याचे मूळ १७९४ साली मायकेल टॉपिंग याच्या पुढाकाराने निघालेल्या भूमापनाच्या शाळेत सापडते. ते महाविद्यालय १९२० च्या सुमारास गिंडीस आले आणि १९७८ साली स्थापन झालेल्या अण्णा विद्यापीठाचा भाग झाले. दोनशे वर्षांपूर्वी ज्या शहरात साखळीने जमीन मोजण्याची विद्या वाढली, त्याच शहरात पुढे संगणकाची विद्याही रुजली.

आयआयटी मद्रासमध्ये १९७३ साली एक मोठा संगणक आला. आयबीएम ३७०/१५५ हे त्याचे नाव. तत्कालीन पश्चिम जर्मनीने केलेल्या साहाय्यातून तो मिळाला होता. शिक्षणसंस्थेत एवढ्या ताकदीचा संगणक असणे त्या काळी देशात अपूर्वाईचे होते. आज त्या यंत्राची मापे वाचली, की मात्र आश्चर्य वाटते. या प्रकारच्या यंत्राला जास्तीत जास्त २ मेगाबाइट इतकी मुख्य स्मृती जोडता येत असे. आपल्या हातातील मोबाइलने काढलेले एकच छायाचित्र पुष्कळदा याहून मोठे असते. तरीही अशा यंत्रावर अनेक विभागांची कामे चालत, विद्यार्थी आपले प्रोग्रॅम छिद्रे पाडलेल्या कार्डांवर लिहून आणीत आणि आपली पाळी येण्याची वाट पाहत. स्मृती अपुरी आणि वेळ मोजका असल्यामुळे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला एकेका ओळीचा हिशेब करावा लागे. त्या पिढीला काटकसर शिकवावी लागली नाही. यंत्रानेच ती शिकवली.

येथे एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. संगणकात ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे कार्यप्रणाली, नावाची एक व्यवस्था असते. शाळेचे उदाहरण घेतले, तर ती चटकन समजते. शाळेत खोल्या मोजक्या, शिक्षक मोजके, प्रयोगशाळा एकच आणि मैदानही एकच. कोणत्या वर्गाने कोणत्या तासाला कोठे असावे, एका वर्गाचा गोंगाट दुसऱ्याला बाधू नये, कार्यालयातील कागद हवा तेव्हा सापडावा, या साऱ्यासाठी वेळापत्रक असते, घंटा असते, लिपिक असतात, शिपाई असतात. ही मंडळी स्वतः गणित किंवा भूगोल शिकवीत नाहीत, परंतु त्यांच्यावाचून गणिताचा तास होत नाही. संगणकाची कार्यप्रणाली म्हणजे हे वेळापत्रक, ही घंटा आणि हे कार्यालय, सारे एकत्र. ती उत्तम चालत असली, म्हणजे तिचे अस्तित्वही जाणवत नाही. बिघडली, की मात्र तिच्यावाचून दुसरे काहीच जाणवत नाही.

ही व्यवस्था दर वर्षी जड का होत जाते, याचा अभ्यास पन्नास वर्षांपूर्वीच झाला आहे. मद्रासला आलेल्या त्या संगणकाच्या घराण्यासाठी आयबीएमने ओएस/३६० नावाची प्रचंड कार्यप्रणाली तयार केली होती. तिच्या एकामागून एक निघालेल्या आवृत्त्यांचा अभ्यास मायर लेहमन आणि लास्लो बेलाडी या दोन संशोधकांनी केला. त्या अभ्यासातून १९७४ पासून जे नियम मांडले गेले, त्यांपैकी एकाचा आशय असा : वापरात असलेली प्रणाली बदलत राहते, आणि ती जसजशी बदलते तसतशी तिची गुंतागुंत वाढत जाते; ती कमी करण्यासाठी मुद्दाम श्रम घेतले, तरच ती आटोक्यात राहते. या नियमातील शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. गुंतागुंत आपोआप वाढते, पण आपोआप कमी होत नाही. अंगणात गवत आपोआप उगवते, निंदणी मात्र कोणीतरी करावी लागते.

पुढे १९९५ साली निकलाउस विर्त या स्विस शास्त्रज्ञाने हीच व्यथा आणखी तिखट शब्दांत मांडली. संगणकशास्त्राच्या जुन्या विद्यार्थ्यांना पास्कल ही भाषा आठवत असेल; ती विर्त यांनीच निर्माण केली. यंत्रे ज्या वेगाने जलद होत आहेत, त्याहून अधिक वेगाने सॉफ्टवेअर मंद होत आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. या विचाराचे श्रेय त्यांनी आपले सहकारी मार्टिन रायझर यांना दिले, परंतु जगाने तो विर्तचा नियम म्हणूनच लक्षात ठेवला. दर दोन-तीन वर्षांनी नवे, वेगवान यंत्र घ्यावे आणि पत्र टंकित करावयास मात्र पूर्वीइतकाच वेळ लागावा, हा अनुभव घराघरांत आहे. त्याचे मूळ या नियमात आहे.

असे का व्हावे? कारण भर घालणे सोपे असते आणि त्याचे कौतुकही होते. नवी सोय दिली, की तिची जाहिरात करता येते. जुनी, कोणी न वापरलेली सोय काढून टाकली, तर तिच्यासाठी टाळ्या पडत नाहीत. उलट कोपऱ्यातला कोणीतरी एक वापरकर्ता तक्रार घेऊन येतो. शिवाय काढणे जोखमीचे असते. वीस वर्षांपूर्वी कोणी लिहिलेली ओळ आज कशाला आधार देऊन उभी आहे, हे सांगता येत नाही. जुन्या वाड्यातील तुळई निकामी दिसते म्हणून काढावी, आणि माळा खाली यावा, तशी गत होण्याची भीती असते. म्हणून जो तो नवे जोडत राहतो, आणि जुने तसेच राहते.

या रीतीच्या उलट जाणारा एक प्रसंग प्रसिद्ध आहे. ॲपल कंपनीने ऑक्टोबर २००७ मध्ये आपल्या संगणकांसाठी 'लेपर्ड' नावाची कार्यप्रणाली काढली. तिच्यात तीनशेहून अधिक नवी वैशिष्ट्ये आहेत, अशी तिची जाहिरात होती. त्यानंतरची आवृत्ती २८ ऑगस्ट २००९ रोजी बाजारात आली. तिचे नावही मुद्दाम पहिलीच्या जवळचे ठेवले होते : 'स्नो लेपर्ड', म्हणजे हिमबिबट्या. तिची ओळख करून देताना कंपनीने सांगितले, की हिच्यात नवी वैशिष्ट्ये आहेत शून्य. आधीच्या आवृत्तीची किंमत १२९ डॉलर होती. हिची, आधीची आवृत्ती असलेल्यांसाठी, २९ डॉलर ठेवली गेली. दुरुस्तीसाठी नवलाईइतके पैसे मागता येत नाहीत, याची जाणीव त्या किमतीत होती.

दोन वर्षे मग काम कशाचे झाले? फाइली उघडण्याचा आणि शोधण्याचा जो रोजचा प्रोग्रॅम, तो नव्या पायावर पुन्हा लिहिला गेला. संगणकाच्या मेंदूत आता एकाऐवजी दोन-दोन, चार-चार गाभे बसू लागले होते, परंतु कामाची वाटणी नीट नसल्याने एक राबत असे आणि बाकीचे स्वस्थ बसत. ती वाटणी सुधारणारी व्यवस्था केली गेली. जगातील सगळ्या छपाईयंत्रांसाठी लागणारी जंत्री प्रत्येक संगणकात भरून ठेवण्याऐवजी लागेल तेवढीच ठेवण्याची रीत आली. जुन्या बनावटीच्या यंत्रांसाठी बाळगलेला मजकूर काढला गेला, उरलेल्यापैकी पुष्कळसा घट्ट बांधून ठेवला गेला. परिणामी कित्येक गिगाबाइट जागा मोकळी झाली. पडद्यावर पाहणाऱ्याला फरक फारसा दिसत नव्हता. हाताला मात्र तो जाणवत होता.

ही कथा सांगताना तिच्या दुसऱ्या बाजूही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर ती केवळ स्तुती ठरेल. पहिली गोष्ट अशी, की मोकळ्या झालेल्या जागेतील काही भाग हिशेबाचा होता. याच आवृत्तीपासून गिगाबाइट मोजण्याची रीत बदलली, त्यामुळे तीच तबकडी थोडी मोठी दिसू लागली. मोजमाप बदलून प्रगती दाखविण्याचा मोह सगळ्याच क्षेत्रांत असतो, शिक्षणाच्या क्षेत्रातही तो आहे. दुसरी गोष्ट, ही आवृत्ती आली त्या दिवशी निर्दोष मुळीच नव्हती. तिच्यातील एका दोषामुळे, पाहुण्याच्या खात्यातून काम करून परत आल्यावर काही जणांची स्वतःची सारी कागदपत्रे नाहीशी झाली. नोव्हेंबर २००९ मधील दुरुस्तीने तो दोष गेला. आज जिची आठवण जुने वापरकर्ते प्रेमाने काढतात, ती स्थिर प्रणाली दोन वर्षांच्या सततच्या दुरुस्त्यांनंतर, २०११ पर्यंत, घडत गेली. डागडुजी ही एका दिवसाच्या समारंभाने संपणारी गोष्ट नाही, हेच यावरून दिसते.

तिसरी बाजू सर्वांत गंभीर आहे. हलकेपणा आला, तो काही जणांना मागे ठेवून. पॉवरपीसी बनावटीचे जे संगणक कंपनी स्वतः २००६ पर्यंत विकत होती, त्यांच्यावर ही प्रणाली चालतच नव्हती. तीन वर्षांपूर्वी पदरचे पैसे मोडून ज्याने यंत्र घेतले, त्याच्या दाराशी ही सुधारणा आलीच नाही. ओझे कमी करताना खाली काय उतरविले याबरोबरच कोणाला उतरविले, हेही विचारावे लागते.

त्याच कंपनीच्या पुढच्या एका प्रसंगात हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटलेला दिसतो. डिसेंबर २०१७ मध्ये तिने कबूल केले, की बॅटरी जुनी झालेल्या फोनचा वेग तिच्या प्रणालीकडून कमी केला जात होता. त्यावर जगभर टीका झाली. सप्टेंबर २०१८ मध्ये आलेल्या पुढच्या आवृत्तीत भर होता तो जुन्या फोनांवर. २०१३ साली निघालेल्या फोनलाही ती आवृत्ती मिळाली. आयफोन सिक्स प्लस या चार वर्षे जुन्या फोनवर कॅमेरा ७० टक्क्यांपर्यंत आणि अक्षरफलक ५० टक्क्यांपर्यंत अधिक जलद उघडतो, असा कंपनीचा दावा होता. त्याच सुमारास, डिसेंबर २०१७ मध्ये, गुगलने अँड्रॉइडची 'गो' आवृत्ती काढली. एक गिगाबाइट किंवा त्याहून कमी स्मृती असलेल्या स्वस्त फोनांसाठी ती होती, आणि भारतासारख्या देशांतील ग्राहक तिच्यासमोर होता.

आता पुन्हा गिंडीकडे वळू या. जानेवारी २०२३ मध्ये आयआयटी मद्रासच्या आवारातून मोबाइलसाठी एका कार्यप्रणालीची घोषणा झाली. 'भारओएस' हे तिचे नाव. संस्थेच्या 'प्रवर्तक' या प्रतिष्ठानाच्या छत्राखाली वाढलेल्या एका छोट्या उद्योगाने ती सिद्ध केली. तिचा पाया अँड्रॉइडच्या सर्वांना खुल्या असलेल्या भागाचाच आहे, त्यामुळे ती सर्वस्वी नवी निर्मिती आहे असे म्हणता येणार नाही. तिचा उद्देशही प्रामुख्याने सुरक्षिततेचा होता. ज्या कार्यालयांत गोपनीय काम चालते, त्यांचा विचार प्रथम केला गेला. परंतु आजच्या विषयाच्या दृष्टीने तिच्यातील एक तत्त्व मोलाचे आहे. या प्रणालीत आधीपासून भरलेली ॲप नसतात. नवा फोन हाती घेताच ज्यांची नावेही ठाऊक नाहीत, अशी वीस-पंचवीस चिन्हे पडद्यावर दिसतात आणि त्यांतील कित्येक काढूही देत नाहीत, हा सर्वांचा अनुभव आहे. येथे रिकामी पाटी हाती दिली जाते. तिच्यावर काय लिहावयाचे, ते वापरणाऱ्याने ठरवावे. जागाही वाचते आणि निवडीचा अधिकारही राहतो. न देणे हीसुद्धा सेवा असू शकते, असे सांगणारे हे उदाहरण आपल्याच देशातील आहे.

चेन्नईच्याच मातीत याहून जुना एक प्रयत्न आहे. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या आणि 'परम' महासंगणकामुळे घरोघरी माहीत झालेल्या सी-डॅक या संस्थेच्या चेन्नई केंद्राने २००७ साली 'बॉस' ही लिनक्सवर आधारलेली कार्यप्रणाली प्रसृत केली. ती मुक्त आहे, तिच्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे आणि शाळांसाठी तिची स्वतंत्र आवृत्तीही निघाली. केरळ राज्याने तर याच मार्गाने सरकारी शाळांचे संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर उभे केले आणि आपल्या अभ्यासक्रमाला साजेशी लिनक्स प्रणाली बनवून शाळांना दिली.

ही माहिती शाळांना आज का हवी? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीला देण्यात येणारे नेहमीचे साहाय्य थांबविले. तिच्यापुढची विंडोज ११ ही प्रणाली चालण्यासाठी किमान ४ गिगाबाइट स्मृती, ६४ गिगाबाइट साठवणीची जागा, सुरक्षिततेसाठीची एक विशिष्ट चकती आणि ठरावीक काळानंतरचा प्रोसेसर लागतो. देणग्यांतून किंवा शासकीय योजनांतून दहा-बारा वर्षांपूर्वी मिळालेले शाळांतील कितीतरी संगणक या अटींत बसत नाहीत. ते बिघडलेले नाहीत. त्यांचा पडदा उजळतो, कळफलक चालतो. केवळ त्यांच्यासाठी लिहिले जाणारे सॉफ्टवेअर पुढे निघून गेले आहे. एखादी हलकी लिनक्स प्रणाली घातली, तर त्यांपैकी पुष्कळ यंत्रे आणखी काही वर्षे मुलांच्या हाती राहू शकतात. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. लागते ते एखाद्या जाणकाराचे चार रविवार आणि शिक्षकांची नवे शिकण्याची तयारी.

यंत्रांपेक्षाही मोठा प्रश्न मुलांचा आहे. २०२० आणि २०२१ या वर्षांत शाळा घरोघरच्या मोबाइलवर भरत होती, तेव्हा वर्गातील सर्व मुले एकाच वर्गात नव्हती. ज्याच्या घरी नवा फोन होता, तो पहिल्या मिनिटाला हजर असे. जिच्या घरी वडिलांचा जुना फोन दोन भावंडांत वाटून घ्यावा लागत होता, तिच्या पडद्यावर जागा संपल्याची सूचना येत असे आणि प्रार्थना संपून पहिला धडा अर्धा झाल्यावर तिचा चेहरा दिसत असे. त्या मुलीची बुद्धी मंद नव्हती. तिच्या हातातील यंत्रावर लादलेले ओझे जड होते. जेव्हा एखादा अभियंता कोठेतरी बसून एक ॲप दहा मेगाबाइटने हलके करतो, तेव्हा त्याचा लाभ श्रीमंताला कळतही नाही. तो पोहोचतो अशा मुलीपर्यंत. नवे वैशिष्ट्य बहुधा नव्या यंत्राच्या मालकासाठी असते. कार्यक्षमता ही जुन्या यंत्रावर भागविणाऱ्यांसाठी असते. म्हणून ही केवळ तंत्राची गोष्ट राहत नाही, न्यायाची होते.

अशा कामाचे एक दुर्दैव असे, की ते यशस्वी झाले म्हणजे दिसेनासे होते. १९९९ साल संपताना जगभर एक धास्ती होती. जुन्या प्रोग्रॅमांत वर्षाचे दोनच अंक लिहिलेले असल्याने २००० साल उजाडताच बँका, विमाने आणि वीजकेंद्रे यांचे हिशेब चुकतील, अशी ती धास्ती होती. भारतातील हजारो अभियंत्यांनी त्या आधीची काही वर्षे लक्षावधी जुन्या ओळी तपासण्यात आणि दुरुस्त करण्यात घालविली. १ जानेवारी उजाडला आणि किरकोळ गडबडी सोडल्या तर काहीच घडले नाही. मग पुष्कळांनी म्हटले, की मुळात धोका नव्हताच! धरणाच्या भिंतीची चीर वेळेवर बुजविणाऱ्याचा सत्कार होत नाही; पूर आल्यावर होडी घेऊन धावणाऱ्याचा होतो.

श्रोतेहो, हे सारे शाळेलाही लागू आहे. लेहमन यांचा नियम शाळेच्या वेळापत्रकावर ठेवून पाहावा. दर वर्षी एखादा नवा दिवस साजरा करावयाचा असतो, एखादी नवी स्पर्धा, एखादे नवे अभियान, एखादी नवी नोंदवही येते. प्रत्येकाचा हेतू चांगलाच असतो. पण जुने काही जात नाही. तास तेवढेच, शिक्षक तेवढेच, आणि मुलाचे वयही तेवढेच. मग ज्या कामासाठी शाळा आहे, ते वाचन, लेखन आणि गणन, मंदावते. यंत्र नवे येऊनही पत्र पूर्वीइतक्याच वेळात टंकित व्हावे, तसाच हा प्रकार.

ही जाणीव आपल्या देशात नवी नाही. मद्रासमध्ये जन्मलेले थोर कादंबरीकार आर. के. नारायण हे राज्यसभेचे सदस्य असताना १९८९ साली त्यांनी सभागृहात पहिले भाषण केले, ते शाळकरी मुलांच्या पाठीवरील ओझ्याविषयी. त्या भाषणाने चर्चेला तोंड फुटले. पुढे प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९९३ साली 'ओझ्याविना अध्ययन' या आशयाच्या शीर्षकाचा तिचा अहवाल आला. दप्तराच्या वजनाहून न समजण्याचे ओझे अधिक जड असते, हे त्या अहवालाचे सार होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही प्रत्येक विषयाचा आशय त्याच्या गाभ्यापुरता आटोपशीर करावा, असे म्हटले आहे. तीन दशके हे सर्वांना पटलेले आहे. तरीही ओझे वाढतच जाते, कारण भर घालणारे हात अनेक असतात आणि काढणारा हात कोणाचा, हे ठरलेले नसते.

म्हणून हीरकमहोत्सवाच्या निमित्ताने एक सूचना नम्रपणे पुढे ठेविली आहे. शाळेने येणारे एक शैक्षणिक वर्ष 'शून्य नव्या उपक्रमांचे वर्ष' म्हणून पाळावे. शासनाने नेमून दिलेले ते करावेच. स्वतःहून मात्र काही नवे सुरू करू नये. त्या वर्षात जे आहे ते तपासावे. ग्रंथालयातील पुस्तकांची यादी पुरी करावी, फाटलेली पुस्तके शिवून घ्यावीत आणि कपाटांची कुलपे मुलांसाठी उघडावीत. प्रयोगशाळेतील काचपात्रे आणि तराजू मोजून कोणते चालतात ते पाहावे. संगणककक्षातील यंत्रे पुसून, सोडवून, हलकी प्रणाली घालून पुन्हा उभी करावीत. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी लागते का, तेथे पाणी येते का, हे रोज पाहावे. दाखल्यासाठी पालकाला किती फेऱ्या घालाव्या लागतात, ते मोजावे आणि त्यांतील एक तरी कमी करावी. आधी मोजावे, मग दुरुस्त करावे, आणि पुन्हा मोजावे. चांगले अभियंते याच क्रमाने जातात. मात्र मोजण्याची पट्टी मध्येच बदलू नये.

देणगीदार माजी विद्यार्थ्यांनाही येथे एक विनंती आहे. नव्या खोलीवर दात्याच्या नावाची पाटी लागते. गळके छप्पर दुरुस्त केल्याची पाटी कोठे लावावी, हे कोणाला सुचत नाही. म्हणून छपरासाठी पैसे मिळत नाहीत. ज्यांना शाळेचे ऋण फेडावयाचे आहे, त्यांनी बिनपाटीच्या कामासाठी थोडा वाटा राखून ठेवावा. शाळेचा शिपाई, ग्रंथपाल, लिपिक, प्रयोगशाळेतील परिचर हे साठ वर्षे अशीच बिनपाटीची कामे करीत आले आहेत. घंटा वेळेवर झाली, हे कोणाच्या लक्षात येत नाही. ती एक दिवस झाली नाही, तर साऱ्यांच्या लक्षात येते. या महोत्सवात त्यांचे नाव आदराने घेतले गेले पाहिजे.

आणि काढावयाचे काय, हे ठरविताना पॉवरपीसीची आठवण ठेवावी. वेग वाढावा म्हणून जो मागे आहे त्याला वगळणे, ही सर्वांत सोपी आणि सर्वांत वाईट सुधारणा होय. मंदगतीने वाचणाऱ्या मुलासाठीचा जादा तास हा भार नव्हे. तो तर शाळेचा गाभा आहे. भार असेल तर तो मिरवण्यासाठी केलेल्या गोष्टींचा आहे. उपक्रम राहावा की जावा, हे ठरविण्यासाठी एक कसोटी पुरेशी आहे : वर्गातील शेवटच्या बाकावरच्या मुलाला याने काही मिळते का? मिळत असेल, तर तो कितीही जुना असला तरी राहावा. मिळत नसेल, तर त्याचे छायाचित्र कितीही सुरेख येत असले तरी तो जावा.

विद्यार्थीमित्रांनो, तुमच्यापैकी काही जण उद्या संगणकाच्या क्षेत्रात जातील, काही गिंडीसारख्या ठिकाणी शिकावयास जातील. नवे निर्माण करण्याची उमेद जरूर बाळगा. पण कोणी जुनी, गुंतागुंतीची, कंटाळवाणी वाटणारी गोष्ट दुरुस्त करावयास दिली, तर तो अपमान मानू नका. ती तुमच्यावर टाकलेला विश्वास असतो. तुमच्या हातून हलके झालेले काहीतरी दूर कोठेतरी एका जुन्या यंत्रावर चालेल, आणि एखादे मूल पहिल्या मिनिटाला वर्गात हजर होईल. त्याला तुमचे नाव ठाऊक नसेल. त्याचा धडा मात्र चुकलेला नसेल.

शाळेच्या पुढील वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा.